भिंतीपलीकडचा भोपळा

वेल यामिनीच्या अंगणातला, पण भोपळा धरला भिंतीपलीकडे, शर्मिष्ठाच्या छतावर. समता कॉलनीतल्या या दोघी शेजारणी एकाच चर्चच्या मंडळीतल्या. कापणीच्या सणासाठी यामिनीने तो पिकू दिला, आणि आदल्या संध्याकाळी पाहते तर नुसता देठ.

रविवारी चर्चमध्ये वेदीपुढे तोच भोपळा दिसला, पोटावर छताच्या सळईचा वण घेऊन. सगळी मंडळी उपकारस्तुतीचं गीत गात होती. यामिनीने ओठ मिटून घेतले. देवाने दिलं हे मान्य, पण दिलं कोणाच्या वेलाला?

उपासनेनंतर वाहिलेलं सगळं एकमेकांत वाटलं जाई. रीत एकच : आपल्या अंगणात पिकलेलं किंवा आपण आणलेलं परत आपल्या घरी न्यायचं नाही. पाळकसाहेबांनी भोपळा उचलला आणि नेमका यामिनीच्या हातात दिला. तिने तो पोटाशी घट्ट धरला.

मागून शर्मिष्ठा उठली. "साहेब, तिले नका देऊ. तिच्याच वेलाचा हाय. मी न विचारता तोडला."

"मंग तूच ने," यामिनी फणकारली.

"मी आणला ना. मलेबी चालत नाही."

साहेबांनी भोपळा प्रीतिभोजनाच्या चुलीकडे पाठवला आणि चिरायला दोघींना बसवलं. यामिनीने विळीवर फोडी केल्या, शर्मिष्ठाने बिया बाजूला काढल्या.

"बिया मी नेईन," यामिनी शेवटी म्हणाली.

"ने. पण भिंतीजवळच लावजो."