मल्लव्वांच्या देव्हाऱ्यातली गोगलगाय

मी समुद्रातली गोगलगाय बोलतेय. लगेच हात पुढे करू नका. माझा तुमच्यावर विश्वास नाही, आणि तुम्हीही माझ्यावर ठेवू नये. ‘गोगलगाय नि पोटात पाय’ म्हणता ना? माझ्या पोटात विषारी काटा होता. त्याने मी मासे मारून खात असे. माणसाचाही जीव जाईल असं ते विष.

१९९५ च्या ऑक्टोबरात कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतले गुळाचे व्यापारी सिद्धलिंग मालवणला आले. घर पक्कं शाकाहारी. शंखात जीव असतो हे त्यांना कोण सांगणार? नक्षी बघून त्यांनी मला उचललं आणि तीर्थ म्हणून डब्यात घेतलेल्या समुद्राच्या पाण्यात टाकलं. घाटभर ते डब्यात डोकावून हसत होते. उगाच हसणाऱ्याचा मला भारी संशय येतो.

त्यांच्या पत्नी मल्लव्वांनी मला त्याच पाण्यासकट वाटीत घालून देव्हाऱ्यात ठेवलं. सकाळी श्वासासाठी मी नळी बाहेर काढली आणि त्या ओरडल्या, “सोंड! गणपती आला की गं!”

महिन्यापूर्वीच गणपती दूध पितो म्हणून गावोगाव रांगा लागल्या होत्या. आता गल्ली इथे लोटली. एवढी माणसं कशाला जमली? मी घाबरले आणि काटा तयार ठेवला. तेवढ्यात मल्लव्वांचं कुंकवाचं बोट माझ्याकडे येऊ लागलं.

त्यांची सून सौंदर्या मात्र मला रोखून बघत होती. माझ्यासारखीच संशयी! मला ती आवडली.

“अत्ती, हात लावू नगासा! सोंडंच्या बुडाला डोळं हायत, फिरत्यात बघा!”

“गप गं! देवावर संशय घेतीस व्हय?”

बोट टेकणार, इतक्यात सौंदर्याने सासूचा हात हिसडला. वाटी उलटली, मी फरशीवर आपटले. समुद्राचं पाणी सांडून गेलं आणि मल्लव्वांनी वाटीत भरलेल्या नळाच्या पाण्यात मी तासाभरात संपले. सोंड काही परत निघाली नाही. “हिनं देव घालवला,” मल्लव्वा गल्लीसमोर म्हणाल्या. पुढे आठवडाभर माझा कुजका वास घरात दरवळला, तोही सुनेच्याच पापाचा ठरला.

बारा वर्षं झाली. मी नुसतं कवच उरलेय. मल्लव्वा मला रोज कुंकू लावतात. सौंदर्याला देव्हाऱ्याजवळ फिरकू देत नाहीत. ती देवघराच्या उंबऱ्याबाहेरून हात जोडते. मला ते बघवत नाही.

मल्लव्वा, तुमचा जीव तिने वाचवला हो. संशय घ्यायचाच तर माझा घ्या. मला खुशाल उकिरड्यावर टाका, पण एकदा तिला आत बोलवा.