एक थेंब, सहा तास उशिरा

मी रक्त तपासायची, वापरून झालेली एक पट्टी आहे, मित्रांनो. बोटाएवढी लांब, मधोमध वाळलेल्या रक्ताचा डाग. उपकेंद्राच्या पिवळ्या पिशवीत पडले आहे. कचऱ्याची गाडी येईपर्यंत बोलून घेते.

पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मी घडले. तुमच्या पेन्सिलीच्या शिशात असतो तोच कार्बन, पण डोळ्यांना दिसणार नाही इतका पातळ करून माझ्यावर पसरला, वर सोन्याचे कण बसवले. लकवा मेंदूत रक्तस्राव झाल्यानं होतो, नाहीतर रक्ताची गुठळी अडकल्यानं. रक्तस्राव झाला की रक्तात एक द्रव्य उतरतं. ते मला चिकटलं की यंत्रावर आकडा चढतो. नाही चढला, तर बहुधा गुठळी. पक्कं निदान मोठ्या दवाखान्यातच होतं, पण दहा मिनिटांत दिशा दाखवते म्हणून माझं भारी कौतुक झालं.

चाचणीसाठी आम्ही बारा जणी वडगाव रासाईला आलो. नर्स करुणाताईंनी ग्रामसभेत आम्हाला दाखवलं. "तोंड वाकडं झालं, हात पडला, की लगेच या. गुठळीचं इंजेक्शन साडेचार तासांतच देता येतं." पुढं बसलेल्या सोजराबाईंनी मान डोलावली. मग चार महिने आम्ही फ्रिजमध्ये पडून होतो.

परवा सकाळी सात वाजता सोजराबाईंचे यजमान सावळाराम उसाला पाणी देताना बांधावर कोसळले. उपकेंद्र जवळच, पण दीर म्हस्कू आडवा आला.

"दादाच्या अंगावरनं वारं गेलंय. आधी सुई टोचली तर वारं अंगातच बसंल. तेल चोळून आणू, मग दवाखाना."

सोजराबाईंनी घरातून घोंगडी काढून दिली. तिच्यात गुंडाळून सावळारामांना जीपनं कासुर्डीकडं नेलं, तेल चोळणाऱ्याकडं.

माझ्यापाशी आले तेव्हा दुपारचा एक वाजला होता. ताईंनी आधी ॲम्ब्युलन्सला फोन लावला, मग बोटाला टोचलं. आकडा जागचा हलला नाही.

"गुठळी दिसतेय, मावशी. हे कधी झालं?"

"सातला. मोटर चालू व्हती तवा."

ताईंनी घड्याळाकडं पाहिलं.

"मंग द्या की ते इंजेक्शन," सोजराबाई म्हणाल्या.

"साडेचार तास केव्हाच उलटून गेलेत, मावशी," ताई म्हणाल्या. सावळाराम बायकोला हाक मारू बघत होते, पण तोंडातून नुसती घरघर येत होती. मी खरं तेच सांगितलं होतं, पण त्याचा आता काय उपयोग, याचं मला फार वाईट वाटलं.

आज सोजराबाई एकट्याच आल्या. "जीव वाचला. वाचा गेली," म्हणाल्या. मग उंबऱ्यावर बसल्या. "घरापास्नं मोजत आले, ताई. एकशे ऐंशी पावलं हायेत."

मित्रांनो, माझ्या अकरा बहिणी अजून फ्रिजमध्ये आहेत. घरात कुणाचं तोंड वाकडं झालं, तर मोठ्यांना ओढत आणा. माझ्या बहिणींना तरी वेळेवर फ्रिजबाहेर काढा.