दाढेचं सिमेंट आणि मी

मी कयाक. समुद्रात वल्ह्याने हाकायची लांबट, निमुळती, दोन माणसांची होडी. पण माझं निम्मं आयुष्य गेलंय दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेर, बोळातल्या छताला टांगून. खाली बाकावर पेशंट बसतात. कुणाची कवळी सैल झालीय, कोण रूट कॅनलला घाबरून घरी पळालं, सगळं मला ठाऊक. ओल्या छत्र्याही माझ्याच दोरीला अडकवतात. असू दे, तेवढीच सोबत.

बंदरावरच्या शेडमध्ये मिस्त्रींनी फायबरच्या कापडाचे थर एकावर एक बसवून मला घडवलं. डॉक्टरांनी मला घरी आणलं तेव्हा ते लहान मुलासारखे हरखले होते. पहिल्या महिन्यात दर रविवारी मला गोड्या पाण्याने आंघोळ असायची, मऊ फडक्याने अंग पुसून. मग आंघोळ महिन्यातून एकदावर आली. मग ‘पुढच्या वेळी’वर गेली.

माझ्या मागच्या कप्प्याचं झाकण वाहून गेलं, तर नवं आणायचं सोडून डॉक्टरांनी दवाखान्यातला प्लास्टिकचा ट्रे उपडा घातला आणि रबरी हातमोजे ताणून बांधून टाकला. वारा सुटला की मोज्यांची बोटं फुगायची. सगळ्या किनाऱ्याला टाटा करत मी निघालेय असं वाटायचं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचंसुद्धा.

तडा मात्र नाही आवडला. एकदा मला उचलायचा कंटाळा करून डॉक्टरांनी दगडी पायऱ्यांवरून फरफटत नेलं आणि माझ्या पोटाला बोटभर चीर पडली. आधी चिकटपट्टी झाली. ती सुटल्यावर ते दाढेत भरायचं सिमेंट घेऊन आले.

“अरे, बंदरावर ने तिला,” त्यांच्या आई म्हणाल्या.

“आई, तोंडातसुद्धा पाणीच असतं की! दहा-दहा वर्षं टिकतं हे.”

आईंना घाई होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरचं बेट बघत बघत त्यांनी चाळीस वर्षं ओटा पुसला होता. एकदा तिथे पाय ठेवायचा, एवढंच त्यांचं म्हणणं. तिथे धक्का नाही, म्हणून लाँच थांबत नाही. जायचं तर माझ्यातूनच.

“माझ्या गुडघ्यांनी राजीनामा द्यायच्या आत ने रे बाबा.”

“पुढच्या रविवारी नक्की!”

असे दीड वर्षाचे रविवार गेले. आणि आत दवाखान्यात हेच डॉक्टर पेशंटवर खेकसायचे, “सहा महिने दुखतंय, आणि आज येताय?”

शेवटी एका सकाळी आम्ही निघालो. डॉक्टर वल्हं मारायला मागे, आई पुढे. पण एक गोष्ट डॉक्टरांच्या ध्यानातच आली नव्हती. दात लवत नाही, मी लवते. लाट पोटाखालून गेली की मी जरा वाकते, पुन्हा सरळ होते. सिमेंटला ते कुठलं जमायला? पन्नासेक हात मारले असतील, तोच ते तडकलं.

“माझे पाय ओले झालेत,” आई शांतपणे म्हणाल्या.

“शिंतोडे असतील.”

“शिंतोड्यांत माझी चप्पल तरंगतेय.”

डॉक्टरांनी मला अशी गर्रकन वळवली म्हणता! किनारा जवळ होता म्हणून निभावलं. वाळूवर उतरून आईंनी चप्पल झटकली आणि थेट दवाखान्यातला आवाज काढला, “किती महिने दुखतंय हिचं? आणि आज आणलीत?”

त्याच दुपारी पेशंटना दुसऱ्या दिवशीची वेळ देऊन डॉक्टरांनी मला बंदरावर नेलं.

मिस्त्रींनी पटाशीने खरवडून बघितलं. “हे काय कोंबलंय, डॉक्टर?”

“दाढेचं सिमेंट.”

“बरं. मग उद्या माझ्या दाढेत फायबर भरा.”

मिस्त्रींनी चिरेच्या कडा घासल्या, मला कोरडी होऊ दिली, आतून-बाहेरून नवं कापड रेझिनच्या चिकात बसवलं. वर एक खरंखुरं झाकणही दिलं. दोन दिवस लागले. दोनच!

त्या रविवारी आम्ही बेटावर पोचलो. गुडघाभर पाण्यात आई उतरल्या, माझ्या पाठीवर दोन्ही हात टेकून जरा उभ्या राहिल्या. चेहरा बघण्यासारखा होता. बेटामागे त्यांना पायऱ्यांची, गोड्या पाण्याची विहीर सापडली. आम्ही चारदा गेलो. पाचव्या खेपेआधी गुडघ्यांनी खरोखरच राजीनामा दिला. माझ्यात वाकून बसणं आता त्यांना जमत नाही.

पण रुसवा नाही. हल्ली त्या माझ्याखालच्या बाकावर बसतात आणि पेशंटना त्या विहिरीची गोष्ट सांगतात. समोरच्याच्या तोंडात कापूस असला की त्यांना जास्तच रंग चढतो, मध्ये कुणी बोलत नाही ना! डॉक्टर मला दर महिन्याला खाली उतरवतात, पोटावरून हात फिरवतात. मिस्त्रींकडचे ते दोन दिवस आणखी एक वर्ष लांबणीवर पडले असते, तर आईंना सांगायला काहीच नसतं, हे त्यांनाही कळलंय.

तुमच्याकडेही माझ्यासारखं कुणी टांगलेलं असेल. चिकटपट्टी राहू द्या ड्रॉवरमध्ये. त्याला खाली काढा, आणि त्यातून कुणाला कुठे जायचं होतं ते विचारा. आता मात्र थांबते हं. खाली आईंची गोष्ट विहिरीच्या तिसऱ्या पायरीवर आलीय, आणि मी तेव्हा वाळूवरच राहिले होते, म्हणून तो भाग मला दरवेळी ऐकायचा असतो.