सगळी खंय जळली?

तुम्ही तिला फेकून दिलंत आणि घरच्यांना कळवलंही नाहीत, साहेब. रस्त्यावरचं मेलेलं कुत्रं उचलतानाही आमच्याकडे माणूस चार घरांत विचारतो, कोणाचं म्हणून. तुम्ही तेवढंही केलं नाहीत.

मालवणच्या दांडी किनाऱ्यावरचा सत्यवान रापणीचं लांबलचक जाळं ओढणारा. त्याची बायको तुळसा बाजारात मासे विकायची आणि दिवसातून दोनदा मिश्री लावायची. २००४ साली तिच्या गालात गाठ निघाली. मुलगी वर्षाली तुमच्याच संस्थेत कॅन्सरच्या पेशींवर काम करणारी. ऑपरेशनात काढलेल्या गाठीचा तुकडा तुळसानेच तिला देऊ केला. "घे गो, तुझ्या कामाक येयत. बाजारात कोण घेवचो नाय तो."

पेशीच्या अंगावर एक प्रथिन असतं, ते 'वाढ' असा बाहेरचा निरोप आत पोचवतं, निरोप थांबला की गप्प होतं. या गाठीत ते निरोप नसतानाही ओरडतच राहिलंय, असं वर्षालीने आईला समजावलं.

"म्हणजे रापणीत 'ओढा ओढा' बोंबलणारो," तुळसा म्हणाली. "जाळा वाळूत येवन पडला तरी गप रवना नाय."

"तसोच."

"मगे तेचा तोंड दाब गो!"

वर्षाली तेच तर करत होती. तोंड दाबणारं औषध शोधत होती.

तुळसा वर्षभरात गेली. वर्षश्राद्धाच्या तोंडावर वर्षाली बोलून गेली, की आईच्या पेशी प्रयोगशाळेत अजून जिवंत आहेत, वाढतायत. झालं! सत्यवानाने भटाला दारातूनच परत पाठवलं. त्याची बहीण यशोदा कपाळ बडवत म्हणाली, "रे मेल्या, तुझ्या डोळ्यांदेखत जळली ती!"

"सगळी खंय जळली?"

वर्षाली परोपरीने सांगायची, "बाबा, ती आय न्हय. आयेचो रोग तो. त्येनाच तिका खाल्ल्यान."

"रोग झालो तरी तिचोच मगे. परको खंयचो?"

यावर तुमच्याकडे उत्तर असेल तर ठेवा तुमच्यापाशी.

देवळाच्या पायरीवर मोबाइलला रेंज मिळायची. तिथे बसून तो फोन लावायचा.

"कशी आसा?"

"बरी आसा, बाबा."

"थंय थंडी असतली."

"नाय. अंगाइतकी ऊब ठेवतंव."

"खाता काय?"

"साखर, मीठ, प्रथिनं. सगळा पाण्यातून."

"आणि म्हावरा? म्हावऱ्याबगर ती कधी जेवली नाय." मग स्वतःच हसायचा. हसून झालं तरी फोन कानालाच असायचा. वर्षालीलाही तो ठेववत नसे. खरं सांगायचं तर इनक्युबेटरचं दार उघडताना तीही हल्ली मनातल्या मनात 'आये' म्हणायची. कोणाला सांगणार?

"माका एकदा बघूक व्हयी तिका," तो म्हणायचा.

२००८ चा शिमगा झाला आणि वर्षाली आठवडाभराची रजा काढून त्याला न्यायला गावी आली. सत्यवानाने दाढी केली, धुतलेला सदरा घातला. सुरंगीच्या फुलांचा वळेसर ओल्या केळीच्या पानात बांधून घेतला. यशोदा म्हणाली, "केस खंय आसत तिका माळूक?" तो म्हणाला, "वास तरी घेयत."

रात्रभराच्या बसमध्ये त्याने ते पान मांडीवरून हलवलं नाही.

संस्थेत त्याला बाकड्यावर बसवून वर्षाली आत गेली. इनक्युबेटरमधल्या तिच्या कप्प्यात दुसऱ्याच कोणाच्या डब्या होत्या. गोठवून ठेवलेल्या कुप्याही टाकीत नव्हत्या. तुम्ही म्हणालात, प्रकल्प संपला, जागा हवी होती, जुने नमुने नष्ट केले, नियमात बसतं. तिची औषधाची चाचणी निम्म्यावर होती, तेही तुम्हाला ठाऊक होतं.

ती बाहेर आली. बापाने तिचं तोंड बघितलं आणि पानाची गाठ पुन्हा आवळली.

मग तो तुमच्या खोलीत आला. रडला नाही, ओरडला नाही. कचेरीतली मराठी जुळवत म्हणाला, "साहेब, कोणत्या दिवशी टाकलीत?"

"काय?"

"माझी बायको. तेवढा दिवस सांगा. पहिल्या वेळची तिथी मी मानली नाही. ही मानावी लागेल."

तुम्ही वर्षालीकडे पाहून म्हणालात, "यांना घरी घेऊन जा." आणि मान खाली घातलीत.

गेला तो. अजून श्राद्ध घातलेलं नाही. भट विचारतो, यशोदा शिव्या घालते, आणि सत्यवान देवळाच्या पायरीवर बसून राहतो. आता फोन लावून विचारायचं कोणाबद्दल?

पंचांग गावात आहे. तिथी तो काढून घेईल. तुम्ही फक्त तारीख सांगा. कोणती होती?