औषधाच्या जाहिरातीतली नाव

मी एक जुनी लाकडी नाव आहे. अमेरिकेत मिनेसोटातल्या एका तळ्याकाठी उलटी पडून असते. मित्रांनो, आता माझ्यात कोणी बसत नाही. त्याचं मला फारसं काही वाटतही नाही. पण झालं ते सांगते.

ऑर्व्हिल लिंडक्विस्ट नावाच्या सुताराने मला घडवलं. अख्खा हिवाळा तो माझ्या फळ्या वाफेवर वाकवत होता. पुढे तीस वर्षं तो आणि त्याची बायको व्हर्ना माझ्यात बसून मासे धरायला जात. तेव्हा मी हिरवी होते.

एका उन्हाळ्यात जाहिरातवाले आले. त्यांना सांधेदुखीच्या एका गोळीची जाहिरात करायची होती. ती गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही, पण जाहिरात मात्र घरोघरी टीव्हीवर दिसते. त्यांनी मला पांढरा रंग दिला आणि एक देखणं म्हातारं जोडपं माझ्यात बसवलं. त्या गृहस्थाला वल्हवता येईना, म्हणून मला दोर बांधून काठावरून ओढलं. जोडपं दिवसभर हसत होतं.

मग रोज संध्याकाळी खिडकीतून व्हर्नाची हाक ऐकू येई, "अरे ऑर्व्हिल, धाव! टीव्हीवर आपली नाव लागली!" मागे गोड संगीत असे आणि एक मऊ आवाज सांगत असे: ताप येऊ शकतो, हातापायांना बधिरता येऊ शकते, क्वचित जिवावर बेतू शकतं. आपल्या डॉक्टरांना विचारा.

ऑर्व्हिलची बोटं खरंच दुखत. त्याने विचारलं. नंतर तळ्यात मासे धरताना त्याने व्हर्नाला सांगितलं, "डॉक्टरीणबाई म्हणतात, एवढ्याशा दुखण्याला इतकं जालीम औषध नको. गरम पाण्याने हात शेका."

"मग?"

"मग काय! म्हटलं, टीव्हीत दिसते ती नाव माझी आहे. तीन खेपा घातल्या, तेव्हा कुठे लिहून दिलं."

"हट्टी बोकड!" व्हर्ना हसली.

दुखणं थांबलं. दोन महिने तो झोकात वल्हवत होता. मग एका सकाळी माझ्या तळाशी रक्ताचे थेंब पडले. गळ त्याच्या अंगठ्यात रुतला होता आणि त्याला कळलंच नव्हतं.

गोळी बंद झाली, पण बोटांची जाण परत आली नाही. त्याच्या शर्टाची बटणं व्हर्ना लावू लागली.

"ते सगळं सांगत होते रे," एकदा ती म्हणाली. "बधिरतेचंसुद्धा."

"मी ऐकलंच नाही गं. मी नाव बघत होतो."

जाहिरात पुढे दोन वर्षं चालली.

मित्रांनो, डॉक्टर एखाद्या औषधाला नको म्हणाले, तर रागावू नका, कारण विचारा. आणि गोड आवाजात सांगितलेली कडू गोष्ट पुन्हा एकदा नीट ऐका. माझ्या ऑर्व्हिलने ऐकली नाही.

परवा तो माझ्यापाशी आला. मी उन्हात पडले होते. त्याने माझ्या पाठीवर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला.

"तापलीय का गं ही?" त्याने विचारलं.

व्हर्नाने धावत येऊन त्याचा हात उचलला.