सावळीरामांची सही

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. अंगावर काळ्या रंगापेक्षा आता भेगाच जास्त, पण तक्रार नाही. १९९३ साली मखमलाबादच्या साक्षरता वर्गात मला टांगलं. तिथे सिंधुबाई माझ्यावरच पहिलं अक्षर गिरवायला शिकल्या. वर्ग बंद पडला, तेव्हा त्यांचे यजमान सावळीराम मला घरी घेऊन आले आणि रस्त्याकडच्या ओट्याच्या भिंतीवर ठोकून मोकळे झाले.

सावळीराम झेंडू पिकवायचे आणि जीभ भारी तिखट. सकाळी फुलांच्या टोपल्या टेम्पोत चढल्या की ते माझ्यावर एक ओळ लिहीत. "पैसा आला की झोप जाते म्हणे. आमची तर आधीच गेली, आता पैसा कधी येतो बघू." किंवा, "सुख म्हणजे पाहुणे शेजाऱ्याकडे आणि रश्श्याचा वास आपल्याकडे." लोक थांबून वाचत, हसत. मीही फुगायचो. खोटं कशाला बोलू?

शेजारचे गोटीराम त्यांचे जिवलग. दोन घरांची सावड होती. आज यांचा झेंडू सगळ्यांनी मिळून तोडायचा, उद्या त्यांचा. २००२ साली गोटीरामांच्या महेशला कारखान्यात नोकरी लागली आणि दारात एक जुनी पांढरी मोटार आली. बघता बघता गोटीराम चौकातल्या टपरीवर चहालाही मोटारीने जाऊ लागले. सावळीरामांना राहवतंय होय! त्यांनी लिहिलं, "यशस्वी माणूस कोण? दोनशे पावलांवरच्या चहाला मोटारीने जातो तो."

केवढा हशा पिकला! गोटीरामांनी गाडीतूनच वाचलं आणि काच वर केली. दुसऱ्या दिवसापासून सावड बंद. सावळीरामांनीही हट्टाने ती ओळ पुसली नाही.

दसरा चार दिवसांवर आला. शेतात झेंडू पिवळाधमक आणि तोडायला हात अपुरे. "मोटार आली अन् माणूस गेला!" सावळीराम फणकारले. सिंधुबाई मात्र गोटीरामांच्या घरी त्यांच्या बायकोला, गोजराबाईंना, भेटून आल्या. परतल्या त्या रडवेल्या होऊन.

"अहो, भावजींचा गुडघा गेलाय. चार पावलं टाकली की कळ पार मस्तकात जाती. लोकांना कळू नाय म्हणून मोटार काढत्यात. अन् तुम्ही त्याचाच तमाशा केला."

"मला काय माहीत?" सावळीराम पुटपुटले. जिवलग माणूस तोडून बसलो, हे त्यांना कळलं होतं. पण जाऊन बोलायला तोंड नव्हतं.

सिंधुबाईंनी ओल्या फडक्याने मला स्वच्छ पुसलं. मग वर्गात शिकलेल्या त्याच वाकड्या अक्षरांत लिहिलं, "भावजी, चहा ठेवलाय. मोटारीनंच या."

सावळीरामांनी ते वाचलं. मग त्यांनी खडू मागून घेतला. इतक्या वर्षांत एकाही ओळीखाली त्यांनी नाव घातलं नव्हतं. त्या दिवशी लिहिलं, "चुकलो. सावळीराम."

तासाभराने हॉर्न वाजला. गोटीरामांनी काच खाली केली.

"वाकायला नाय जमायचं," ते म्हणाले, "बसून तोरणं ओवीन. चालंल का?"

सावळीरामांनी दार उघडून त्यांना खांद्याचा आधार दिला.

आता मी सावळीरामांच्याच पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून पडून आहे. मित्रांनो, जुना फळा दिसला तर उन्हापावसात टाकू नका. कुणाला हसायची ओळ सुचलीच तर लिहाही खुशाल. फक्त खाली आपलं नाव घाला. निम्म्या ओळी तुम्ही स्वतःच पुसाल.