गावाच्या नावामागची डुकरीण

एस्पेराते या गावाचं नाव खुद्द मरियामातेने ठेवलं, हे तिथलं शेंबडं पोरही सांगे. थकल्याभागल्या कप्तानाला माता टेकडीवर दिसली आणि म्हणाली, "एस्पेराते!" म्हणजे, "थांब!" कप्तान थांबला, गाव वसलं.

गावाला दोनशे वर्षं होत होती. नगराध्यक्ष डॉन सेलेरिनो यांनी निवृत्त शिक्षिका ओबदुलिया रेंतेरिया यांना इतिहास लिहायला सांगितला. बाई पडल्या काटेकोर. राजधानीच्या दप्तरखान्यात आठवडाभर धूळ खाऊन त्यांनी पहिल्या मोजणीदाराची वही शोधून काढली, आणि वाचताना त्यांना घामच फुटला.

"एका बाईला गावाचं नाव विचारलं," मोजणीदाराने लिहिलं होतं. "ती डुकरामागे धावत होती. 'एस्पेराते!' असं ओरडून पुढे गेली. नाव लिहून घेतलं."

"डुक्कर गाळा," डॉन सेलेरिनो म्हणाले.

"मग उरतं काय?"

"माता!"

"माता वहीत नाही हो. डुक्कर आहे."

सोहळ्याच्या दिवशी बाई चौकातल्या ओट्यावर उभ्या राहिल्या. आता गाव आपल्याला हाकलणार, असं मनात धरूनच त्यांनी डुकरासकट सगळं वाचून टाकलं.

पाद्रीबाबांनी डोळे मिटून घेतले.

मग नव्वदीची तिमोतेआ आजी काठी आपटत उठली. "डुक्कर नव्हतं ते, डुकरीण होती! आणि आमची होती! धावणारी बाई माझी खापरपणजी!"

"तुमची?" पाववाला बाल्तासार खेकसला. "तुमच्याकडे साधी कोंबडी टिकत नव्हती! डुकरीण आमच्या घरची. आजही आमच्या घरात सगळे तसेच धावतात!"

"धावतात नाही, पळ काढतात!"

चौक हसून लोळला. मग आणखी चार घराण्यांनी डुकरिणीवर हक्क सांगितला. कप्तानाचं नाव कुणी काढेना. डॉन सेलेरिनोही हळूच म्हणाले, "आमच्या आईकडचेही डुकरं पाळायचे बरं का!"

दुसऱ्या दिवसापासून ओबदुलियाबाईंच्या दारात रांग लागली. कुणी पुरावा म्हणून गंजलेली साखळी आणली, कुणी कवटी. ती कवटी बोकडाची निघाली. तिमोतेआ आजीने मक्याच्या पानात गुंडाळून वाफवलेल्या गरम तमालेंची टोपलीच पुढे केली.

"आजी, ही लाच झाली," बाई म्हणाल्या.

"छे गं! इतिहास आहे हा. आत त्याच वंशाचं मांस आहे."

बाईंनी एक तमाले सोलून खाल्लं, डोळे मिटले आणि आपल्या वहीत लिहिलं, "पुरावा भक्कम वाटतो."